समुद्रापासून एक गल्ली मागे

माझ्याकडे येणारे बहुतेक फोन एकाच वाक्यानं सुरू होतात, "खोलीतून समुद्र दिसायला हवा." किती माणसं, किती दिवस, खर्चाची तयारी किती, हे सगळं त्यानंतर. आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येताहेत, जन्मभर त्यांनी काटकसर केली, तेव्हा आता पडदा सरकवला की समोर समुद्र, असं मुलांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. मी सगळं ऐकून घेते आणि विचारते, "बाबांचे गुडघे कसे आहेत?"

ही बाई प्रवासाचं बघते की दवाखाना चालवते, असा प्रश्न पलीकडच्या माणसाला पडलेला मला ऐकू येतो. पण इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या जुन्या गावात मुक्काम करायचा तर सुरुवात गुडघ्यांपासूनच करावी लागते.

मी लीड्समध्ये राहते. लग्नानंतर इथं आले, काही वर्षं एका ट्रॅव्हल ऑफिसच्या काउंटरवर काढली, ते ऑफिस बंद पडलं आणि ओळखीपाळखीतून हे काम सुरू झालं. उन्हाळ्यात इथल्या मराठी घरांत आई-वडील, सासू-सासरे येतात. लंडन बघून होतं, लेक डिस्ट्रिक्ट बघून होतं, मग लेक-जावई ऑफिसात, नातवंडं शाळेत आणि पाहुणे दिवसभर घरात टीव्हीसमोर. अशा वेळी चार-सहा दिवस समुद्रावर राहून यावं अशी टूम निघते. त्याची आखणी मी करून देते. खोली आणि तिकिटं मात्र ज्याची त्यानं आपल्या कार्डावर काढायची. प्रवास आणि मुक्काम एकत्र बांधून विकला की २०१८ च्या पॅकेज ट्रॅव्हल नियमांप्रमाणे तुम्ही आयोजक ठरता. मग लोकांच्या पैशांची हमी, मध्येच काही बिघडलं तर निस्तरण्याची जबाबदारी, सगळं अंगावर येतं. माझा जीव तेवढा मोठा नाही. मी सल्ल्याचे पैसे घेते आणि त्यासाठी पुष्कळ फोन करते. ईमेलला उत्तर देताना घरमालक जाहिरातीची भाषा बोलतात. फोनवर खरं बोलतात.

लीड्सहून सोयीचा समुद्र पूर्वेचा, म्हणजे यॉर्कशरचा. त्यातलं माझं नेहमीचं गाव स्कारबरो. समुद्रावर जाऊन राहणं ही कल्पनाच इंग्लंडात या गावापासून सुरू झाली असं तिथले लोक अभिमानानं सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. १६२६ च्या सुमारास एलिझाबेथ फॅरो नावाच्या बाईला इथल्या कड्याच्या पायथ्याशी खनिजयुक्त पाण्याचा झरा सापडला. ते पाणी औषध म्हणून प्यायला लोक येऊ लागले. पुढे डॉक्टर मंडळींनी समुद्रस्नानही औषधात धरलं. १७३५ सालच्या एका चित्रात इथल्या वाळूवर चाकांची लाकडी खोली दिसते. आत कपडे बदलायचे आणि ती खोली घोड्यानं पाण्यापर्यंत ओढत न्यायची, अशी सोय. मग १८४५ मध्ये यॉर्कहून रेल्वे आली आणि मोजक्या श्रीमंतांच्या जागी गिरण्या-कारखान्यांतली माणसं गाड्या भरभरून यायला लागली.

माझ्या सगळ्या कटकटींचं मूळ या १८४५ मध्ये आहे. एवढी माणसं ठेवायची कुठं? कड्यावर जागा थोडी, समुद्रासमोरची तर त्याहून थोडी. म्हणून घरं रुंदीत न वाढता उंचीत वाढली. कपाटात दाटीवाटीनं उभ्या लावलेल्या वह्यांसारखी ती रस्त्याच्या कडेनं उभी आहेत. दोन खिडक्यांची रुंदी आणि चार-पाच मजल्यांची उंची. तळघरात स्वयंपाकघर, तळमजल्यावर जेवणाची खोली, वर पाहुणे आणि छपराखाली, जिथं एकेकाळी मोलकरणी झोपत, तिथं आता सगळ्यात स्वस्त खोली. आणि नेमका तिथूनच समुद्र सगळ्यात छान दिसतो. लिफ्ट नाही. बसवायची म्हटली तरी जागा नाही, आणि इमारत वारसा यादीत असेल तर परवानगीही सहजासहजी नाही. वरचा जिना अरुंद, मध्येच वळणारा, गालिचा घातलेला. पंचवीस किलोची बॅग घेऊन तो चढताना पाहुण्यांना इंग्लिश गालिच्यांबद्दल काय वाटतं ते मी ऐकलेलं आहे.

म्हणून माझ्या फोनवरचे प्रश्न ठरलेले. खोली कितव्या मजल्यावर? रस्त्यापासून मुख्य दारापर्यंत पायऱ्या किती? आंघोळीसाठी टब आहे की सपाट शॉवर? हा टबाचा प्रश्न जाहिरातीतल्या फोटोत कधीच सुटत नाही. शॉवर टबाच्या वर असला की मांडीएवढ्या काठावरून पाय टाकून आत जावं लागतं आणि ओल्या पायानं तसंच बाहेर यावं लागतं. सत्तरीतल्या माणसाला समुद्र न दिसण्यापेक्षा त्याची धास्ती जास्त असते, फक्त ती कुणी बोलून दाखवत नाही. बादली आणि मग्ग मी विचारत नाही. ते घरून न्यायचे, हे माझ्या यादीत सगळ्यात वर लिहिलेलं असतं.

समुद्राच्या दृश्याची इथल्या जाहिरातींत एक उतरंड आहे. सी व्ह्यू म्हणजे समोर समुद्र. पार्शल सी व्ह्यू म्हणजे मान वळवल्यावर. आणि त्याखाली एक प्रकार आहे, 'समुद्राची झलक' अशा अर्थाचा. त्यात पावसाळी पन्हळ आणि शेजारच्या धुराड्याच्या मधून एक राखाडी पट्टी दिसते. या पट्टीसाठी रात्रीला बरेच पौंड जास्त मोजावे लागतात. शिवाय पूर्वेच्या किनाऱ्यावर समोर समुद्र म्हणजे समोर उगवतीचा सूर्य. जूनमध्ये तो साडेचारला वर येतो आणि उजेड त्याच्याही आधी. पडदे पातळ असतील तर चार वाजता रात्र संपली. त्यात किटीवेक नावाचे समुद्रपक्षी. एरवी हे कड्यांच्या कपारीत घरटी करतात, पण स्कारबरोत त्यांनी इमारतींचे सज्जे, पुलांच्या कमानी, सगळं आपलं मानलं आहे. मार्चपासून ऑगस्टपर्यंत त्यांचा मुक्काम. इंग्रजीत त्यांना पडलेलं नाव त्यांच्या ओरडण्यावरूनच पडलंय, आणि पहाटे ते नाव ते शेकडो वेळा घेतात. कड्याच्या टोकावर ग्रँड हॉटेल उभं आहे, १८६७ मध्ये उघडलेलं, लीड्सचा टाउन हॉल बांधणाऱ्या कथबर्ट ब्रॉड्रिक यांनीच उभारलेलं. चार बुरूज म्हणजे ऋतू, बारा मजले म्हणजे महिने, बावन्न धुराडी म्हणजे आठवडे आणि तीनशे पासष्ट खोल्या म्हणजे दिवस, असा त्याचा हिशोब सांगतात. त्या कॅलेंडराच्या अंगाखांद्यावरही हे पक्षी नांदतात. पक्षीनिरीक्षकांना मी ही माहिती आनंदानं देते. हलकी झोप असलेल्यांना मात्र एक गल्ली मागची खोली देते.

समुद्र बघायला बाहेर बाकं आहेतच. या बाबतीत इंग्लंडचा किनारा उदार आहे. कड्यावर, बागेत, धक्क्यावर पावलोपावली बाक, आणि पुष्कळांवर कुणाच्या तरी आठवणीची पितळी पाटी. बाकावर बसून समुद्र बघायला पैसे पडत नाहीत आणि शेजारी बसलेलं माणूस हवापाण्यावरून बोलायला सुरुवात करतं. खोलीतल्या खिडकीत हे दोन्ही मिळत नाही.

हे सगळं मी गुरुजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमच्याकडच्यासारखंच. समुद्रावर घर बांधतो तो मुंबईचा. गावचा माणूस वाडी मधे सोडून मागे बांधतो."

गुरुजी गुहागरकडचे, शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मुलगी लीड्समध्ये. मुलीनं मला फोन केला तो नेहमीच्या वाक्यानंच, पण दुसऱ्या दिवशी गुरुजींनी स्वतः केला. "अगं, माझ्या मुलीला वाटतं मी समुद्र बघितलेला नाही," असं म्हणून हसले. त्यांच्या दोनच अटी होत्या. रोज सामान बांधायचं नाही, आणि गणपतीच्या आधी महिनाभर तरी घरी पोचायचं. कोकणातल्या माणसाची ही दुसरी अट मला आता सांगावी लागत नाही. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबर हे दिवस त्यांच्यासाठी आधीच खोडलेले असतात. वाईट इतकंच की इथल्या शाळा उघडल्यानंतरचा सप्टेंबर किनाऱ्यावर सगळ्यात चांगला: गर्दी ओसरलेली, भाव उतरलेले आणि पाणी वर्षातलं त्यातल्या त्यात कोमट. त्यातल्या त्यात म्हणजे तेरा-पंधरा अंश. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून शाळांना सहा आठवडे सुट्टी, तेव्हा खोल्यांचे भाव गगनाला. मेच्या अखेरीस शाळांची आठवड्याची सुट्टी आणि बँक हॉलिडे एकत्र. मधे उरतो जून. गुरुजींसाठी मी जूनचा तिसरा आठवडा धरला. तर त्यांच्या बायकोचा, काकूंचा फोन, "त्यात वटपौर्णिमा येते हो."

वडाचं झाड स्कारबरोत मिळणार नव्हतंच. काकूंनी त्यावर उपाय योजलेला होता, कागदावर वड काढून पूजा करायची. उपासाचं काय, एवढाच प्रश्न होता. म्हणजे न्याहारीची सोय असलेलं गेस्ट हाउस नको, स्वयंपाकघर असलेला फ्लॅट हवा. आणि इथं माझा सगळ्यात नाजूक प्रश्न येतो: "स्वयंपाकघराला दार आहे का?" हल्लीच्या फ्लॅटमध्ये ओटा आणि बैठक एकाच खोलीत असते आणि छताला धूर ओळखणारा भोंगा. मोहरी तडतडून हिंग पडला की हा भोंगा जो किंचाळतो तो टॉवेल हलवून हलवून हात भरून येईपर्यंत. वेगळ्या स्वयंपाकघरात बहुधा उष्णता ओळखणारा भोंगा असतो, तो फोडणीला भीत नाही. एकदा एका घरमालकानं माझ्या पाहुण्यांच्या अनामत रकमेतून 'मसाल्याचा वास काढण्याचा खर्च' कापला होता. तेव्हापासून मी आधीच विचारते, आम्ही रोज फोडणीचा स्वयंपाक करणार, चालेल ना? ज्याला चालत नाही तो नाही म्हणतो आणि दोघांचाही वेळ वाचतो. ज्याला चालतं तो बऱ्याचदा आपल्या आवडत्या करीबद्दल दहा मिनिटं बोलतो. ती ऐकून घ्यावी लागतात.

नॉर्थ बेच्या बाजूला, समुद्रापासून एक गल्ली मागे, तळमजल्यावरचा फ्लॅट मिळाला. स्कारबरोला दोन खाड्या, मधे किल्ल्याचं टेकाड. दक्षिणेच्या बाजूला बंदर, खेळांची यंत्रं, गाढवांच्या फेऱ्या, आइस्क्रीम आणि कल्ला. उत्तरेची बाजू निवांत. पीझम पार्कचं तळं, १९३१ पासून धावणारी लहानशी आगगाडी, रंगीत लाकडी खोल्यांची रांग. दोन्ही बाजूंना जोडणारा रस्ता टेकाडाला वळसा घालून समुद्राच्या कडेनं जातो, अगदी सपाट. गुडघ्यांसाठी हा रस्ता फार मोलाचा. कारण 'वाळूपर्यंत चालत पाच मिनिटं' असं जाहिरातीत लिहिलेलं असतं ते उतरणीचं असतं. परतीची पाच मिनिटं पंचवीस होतात. दक्षिणेच्या बाजूला कड्यावरून खाली न्यायला १८८१ सालची रुळांवरची लिफ्ट आहे, पण तिची वेळ संपली की पायऱ्या आहेतच.

जावयानं तोवर संगणकावर एक तक्ता केला होता. चार दिवसांत स्कारबरो, व्हिटबी, रॉबिन हुड्स बे, कॅसल हॉवर्ड, फ्लॅम्बरोचा दीपस्तंभ, ब्रिडलिंग्टन आणि येताना यॉर्क. प्रत्येक ठिकाणासमोर वेळ लिहिलेली, मिनिटांसकट. मुलगा हुशार, मेहनती, सासऱ्यांवर जीव असलेला. पण उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा तो तक्ता. आपल्याकडे ठिकाणं 'करायची' असतात: महाबळेश्वर केलं, केरळ केलं, युरोप केलं. ही गावं करण्यासाठी बांधलेलीच नाहीत. आठवडाभराची सुट्टी काढून एकाच घरात उतरायचं, सकाळी वाळूवर, दुपारी बागेत, संध्याकाळी बँड ऐकत फिरायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, यासाठी ती वसली. खाणकामगार आणि गिरणीवाल्यांना वर्षातून एवढंच मिळत होतं. माझं निम्मं काम म्हणूनच खोडण्याचं. मी जावयाला म्हटलं, "यातली दोन ठेव. बाकीच्या रकान्यांत काही लिहू नकोस." त्याला ते फार जड गेलं. रिकामा रकाना म्हणजे पैसे वाया, असं वाटणारी पिढी आहे ही. मीही त्याच पिढीची.

ठेवलेल्या दोनांतलं एक रॉबिन हुड्स बे. शनिवारी मुलगी-जावई आणि नातवंडं येणार होती आणि मुलांना खडकांतली डबकी, खेकडे, जीवाश्म बघायचे होते. या जागी सगळा खेळ भरती-ओहोटीचा. ओहोटीला खडकांचे लांबच लांब पट्टे उघडे पडतात. भरतीला पाणी थेट गावाच्या भिंतीला लागतं आणि वाळू नावाला उरत नाही. कड्याखाली चालत गेलेली माणसं अडकतात ती यामुळेच. म्हणून त्या आठवड्याचं भरतीचं वेळापत्रक मी आखणीला जोडून देते. गुरुजींना पाठवलं, तर त्यांचा लगेच फोन. "तुझा तक्ता चुकलाय."

त्यांचं गणित कोकणात पोराटोराला ठाऊक असलेलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. लीड्समधल्या स्वयंपाकघरात लेकीनं कालनिर्णय टांगलेलं होतं, त्यात बघून त्यांनी शुक्रवारची, वटपौर्णिमेची भरती सकाळी सव्वा अकराच्या सुमाराला काढली होती. माझा तक्ता म्हणत होता की त्या वेळी स्कारबरोत जवळजवळ पूर्ण ओहोटी, आणि भरती पहाटे आणि संध्याकाळी, साडेचार-पाचच्या आसपास. म्हणजे बरोबर उलटं.

मी सांगितलं की तक्ता सरकारी मोजणीवरून काढलेला आहे. ते म्हणाले, "चंद्र तर एकच आहे ना?"

भूगोलाच्या मास्तरांना भूगोल सांगायची माझी हिंमत नव्हती. ते त्यांनी स्वतःच शोधून काढलं, आणि दोन दिवसांनी मला शिकवलं. भरतीची लाट अटलांटिकमधून येते. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याला ती सरळ भिडते, पण पूर्वेला यायला तिला स्कॉटलंडच्या डोक्यावरून वळसा घालून उत्तर समुद्रात शिरावं लागतं. मग ती किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली सरकते. ॲबर्डीनला आधी, व्हिटबी-स्कारबरोला त्यानंतर काही तासांनी, आणखी दक्षिणेला त्याहून उशिरा. चंद्र एकच, पण प्रत्येक बंदराचा उशीर वेगळा. "आपली पाऊणपट ही आपल्या किनाऱ्यापुरती," ते म्हणाले. "रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकणं मात्र इथंही तेच. एक वजाबाकी केली की इथंही चालेल." आणि त्यांनी ती केली. वहीत स्कारबरोची वेगळी पाऊणपट तयार.

यातून माझ्या हाती मात्र एक कामाची गोष्ट आली. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, या किनाऱ्यावर ओहोटी सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला पडते. उधाण मोठं तशी ओहोटीही खोल, आणि तीही मुलांच्या सोयीच्या वेळेला. वर्षानुवर्षं मी वेळापत्रकातले आकडे नुसते उतरवून देत होते. आता डबकी बघायची असली की आधी पंचांग उघडते आणि त्या आठवड्यातल्या खोल्या बघते. नातवंडांना शनिवारी खडकांत भरपूर खेकडे मिळाले. उतरताना गुरुजींनी जावयाचा हात धरला आणि चढताना नातवाचा. तो चढ खरोखरच छातीवर येणारा आहे. गाड्या वरच ठेवाव्या लागतात.

जेवणाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मी कुणालाच या किनाऱ्यावर पाठवत नाही. यॉर्कशरमध्ये फिश अँड चिप्स पूर्वापार बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईच्या चरबीत तळतात. ती तिथली शान आहे. दुकानावर पाटी लावून सांगतात, चव तिचीच म्हणतात. काकू मासे आवडीनं खाणाऱ्या, गुरुजी शाकाहारी. 'मी नुसते चिप्स खाईन' म्हणणाऱ्या शाकाहारी माणसाला हे कोण सांगणार? बटाटा दिसतो, चरबी दिसत नाही. मी दुकानादुकानांत फोन करून विचारते, तेल कुठलं? वनस्पती तेलात तळणारी दुकानं आहेत, पण चिप्स माशाच्याच कढईत निघतात का, हे पुन्हा वेगळं विचारायचं. या प्रश्नाला आजवर कुणी हसलेलं नाही. उलट एका दुकानदारानं, तुमच्या पाहुण्यांसाठी सकाळी पहिला घाणा नव्या तेलात काढतो, वेळेवर पाठवा, असं सांगितलं. आणि चिप्स उघड्यावर खायचे नाहीत. इथले हेरिंग गल हातातून उचलतात. काकूंच्या हातचा मासा गेलाच, ते मी बजावूनही. त्यांना पुढे दोन दिवस त्याचं कौतुकच जास्त होतं.

गुरुवारी दोघं सेंट मेरी चर्चच्या आवारात गेले होते. ॲन ब्रॉंटे तिथं पुरलेली आहे. क्षयानं खंगलेली ॲन समुद्राची हवा लागावी म्हणून स्कारबरोला आली आणि २८ मे १८४९ रोजी इथंच गेली. ज्या घरात गेली ते पाडून पुढे तिथं ग्रँड हॉटेल झालं. दगडावर तिचं वय अठ्ठावीस कोरलेलं आहे, खरं एकोणतीस होतं. ब्रॉंटे सोसायटीनं नंतर खाली दुसरी पाटी बसवून ते दुरुस्त केलं. गुरुजींनी ही दुरुस्ती मास्तरी समाधानानं मला फोनवर वाचून दाखवली. तिथं चढून जायला टॅक्सी मी आधीच सांगून ठेवली होती, उतरायलाही. चढणीत दम लागतो, पण दुखणारे गुडघे उतरणीला बोलतात.

शुक्रवारी वडाची पूजा झाली, साबुदाणा झाला, भोंगा गप्प राहिला. त्याच दुपारी फ्रेट आलं. उबदार हवा गार उत्तर समुद्रावरून येताना तिचं धुकं होतं आणि ते लाटेसारखं गावात शिरतं. दोन मैल आत ऊन आणि किनाऱ्यावर समोरचा बाक दिसत नाही. समुद्रासमोरच्या खोलीचे जादा पैसे मोजलेल्यांची अशा दिवशी मला फार दया येते. मी माझ्या आखणीत एक 'धुक्याचा दिवस' नेहमी राखून ठेवते. त्या दिवशी ते स्टीफन जोसेफ थिएटरला गेले. जुन्या सिनेमागृहाच्या इमारतीतलं नाट्यगृह, प्रेक्षक चारही बाजूंनी आणि नट मधे. नाटककार ॲलन एकबर्न यांची बरीचशी नाटकं पहिल्यांदा या गावात झालेली आहेत. काकू म्हणाल्या, नटाची पाठ बघायची सवय व्हायला एक अंक गेला.

एवढं सगळं सुरळीत होऊन गुरुजींची एक तक्रार राहिलीच, आणि तिच्यावर माझ्याकडे इलाज नव्हता. संध्याकाळी ते समुद्राकडे तोंड करून बाकावर बसायचे आणि सूर्य त्यांच्या पाठीमागे, गावाच्या छपरांमागे मावळायचा. कोकणातल्या माणसाला समुद्र म्हणजे मावळत. जन्मभर सूर्य ज्या पाण्यात बुडताना बघितला त्या पाण्यातून तो सकाळी वर येतो, हे त्यांना पटत नव्हतं. "उगवतो ते ठीक आहे," ते म्हणाले, "पण संध्याकाळी समुद्र उगाच काळा होत जातो." मी म्हटलं, व्हिटबीचा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, तिथं भर जूनमध्ये सूर्य समुद्रातून उगवतो आणि समुद्रातच मावळतो. पण मावळतो साडेनऊनंतर, आणि काकूंना तोवर झोप येते.

यंदा पुन्हा यायचं ठरतंय. गुरुजींनी गाव स्वतःच निवडलंय: मोरकम, पश्चिम किनाऱ्यावरचं. लीड्सहून दिवसाला मोजक्याच का होईना, थेट गाड्या आहेत. खाडीपलीकडे लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर, आणि सूर्य पाण्याच्या बाजूला मावळणारा. मी त्यांना आधी सावध केलं. ती खाडी जीवघेणी आहे. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो, वाळूत दलदल आहे, आणि पाणी माणसाच्या पावलांपेक्षा वेगानं येतं. फेब्रुवारी २००४ मध्ये शिंपले वेचणारे वीसहून जास्त चिनी मजूर एका रात्रीत तिथं बुडाले. वाळू ओलांडायला सोळाव्या शतकापासून राजानं नेमलेला वाटाड्या असतो, त्याच्याबरोबरच जायचं. गुरुजी म्हणाले, "आम्ही धक्क्यावर बसणार. तू मला फक्त तिथला भरतीचा तक्ता पाठव."

पाठवला. तासाभरात उत्तर आलं. मोरकमला पौर्णिमेची भरती दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला. इथलं घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे केलेलं असतं, तो तास वजा केला की सव्वा अकरा. गुहागरची पाऊणपट तिथं जशीच्या तशी लागू पडते. त्यांनी अष्टमी, एकादशी, चतुर्थी, सगळं ताडून बघितलं होतं.

खोली अजून ठरायची आहे. धक्क्याजवळ तळमजल्यावरचा एक फ्लॅट मला पसंत आहे, सपाट शॉवर, स्वयंपाकघराला दार. पण मालक शनिवार ते शनिवारच देतो, आणि गुरुजींना बुधवारीच पोचायचंय, कारण गुरुवारी अमावास्या आहे.